गेल्या वर्षीसारखी, पण वेगळी

सुपरहीरोच्या सिनेमाचा दुसरा भाग पनवेलला लागला की तो कसा आहे हे कळण्याचे पेणकरांपुढे दोन मार्ग असतात. एक, स्वतः जाऊन बघणं. दुसरा, रात्री रामवाडीच्या स्टँडवर जाऊन उभं राहणं. दुसरा मार्ग स्वस्त पडतो, पॉपकॉर्नचे पैसे वाचतात आणि निकाल तोच मिळतो. शेवटच्या गाडीतून चार पोरं उतरतात, एकाच्या हातात थिएटरातून आणलेला रिकामा कागदी ग्लास असतो (दीडशे रुपयांचा ग्लास टाकवत नाही), आणि टपरीवरचा माणूस विचारतो, “कसा होता रे?” उत्तर ठरलेलं असतं : “बरा होता. पण पयल्यासारखा नाय.” हे उत्तर पोरांनी सिनेमा पाहून तयार केलं असावं, असा समज होतो. तो चुकीचा आहे. ते जातानाच सोबत नेलेलं असतं, डब्यातल्या चपात्यांसारखं. काहीजण ते मध्यंतरात उघडतात, काहीजण शेवटपर्यंत दम धरतात. टपरीवाल्याने तर ते पोस्टर बघूनच देऊन टाकलेलं असतं, म्हणून तो गेलेलाच नसतो.

‘पहिल्यासारखा नाही’ या दोन शब्दांची सोय अशी, की पहिला पाहिलेला नसला तरी ते म्हणता येतात. हे वाक्य पोह्यांना चालतं, पापडांना चालतं, पावसाला चालतं, धाकट्या जावयाला तर हमखास चालतं. त्यात माहिती शून्य असते आणि अधिकार भरपूर. प्रस्तुत लेखकाने हे वाक्य इतक्या गोष्टींवर वापरलं आहे, की ज्या गोष्टीचा एकच भाग निघाला तिलाही ते लावून झालं आहे. त्यामुळे या लेखात पुढे जे आरोप आहेत ते आरोपीच्या पिंजऱ्यातून केलेले आहेत, असं समजून वाचावं. म्हणणं एवढंच आहे : दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा नसतो याचा दोष बहुतेक वेळा दुसऱ्या भागाचा नसतो. ज्या पहिल्या भागाशी आपण तुलना करतो तो कधी निघालेलाच नसतो. तो आपणच नंतर, फुरसतीत, काढलेला असतो.

पुरावा लांब शोधायला नको. एसटीच्या रायगड विभागाचा कारभार याच रामवाडीतून चालतो, त्यामुळे दुसऱ्या भागांचा अभ्यास करायला याहून बरी जागा कोकणात नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. पुढे काही दशकांत त्या गाडीचा जो लाल अवतार गावोगाव पोचला, त्याला प्रवाशांनी काय नाव ठेवलं? ‘डबा’. लाल डबा. खिडकीची काच वर जायची नाही, गेली तर खाली यायची नाही, आणि चालत्या गाडीत इंजिन सोडून बाकी सगळ्याचा आवाज येतो हा विनोद तिकिटाबरोबर फुकट मिळायचा. मग १९८२च्या आशियाई खेळांवरून नाव पडलेली ‘एशियाड’ आली. पुढे तिची हिरकणी झाली. २०१७ साली वातानुकूलित शिवशाही आली, आणि त्या गार हवेत बसल्या बसल्या लोकांना अचानक उमगलं, की तो डबा नव्हता, ती ‘लालपरी’ होती! गाडी तीच. पत्रा तोच. काच अजूनही अडकलेलीच. पण पुढचा भाग निघाल्याबरोबर मागच्या भागाला पंख फुटले. आता स्टँडवर शिवशाहीची वाट बघत उभा असलेला गृहस्थ उसासा टाकतो, “लालपरीची मजा नाही हो.” त्याला कोणी सांगावं, की त्या मजेतून उतरल्यावर त्याच गृहस्थाची कंबर घरचे आठ दिवस शेकत होते.

पण एसटी हा झाला जोडपुरावा. खरा पुरावा पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत आहे. पेण शहर, हमरापूर, जोहे आणि आसपासची गावं मिळून जगातल्या सर्वांत लांब चाललेल्या मालिकेचा नवा भाग दरवर्षी तयार करतात. नायक तोच, कथा तीच, वाहन तेच, शेवट सगळ्यांना ठाऊक. तरी दरवर्षी घराघरांतून आगाऊ नोंदणी होते. हॉलिवूडच्या एखाद्या निर्मात्याने हे पाहिलं तर तो तिथेच शाडूत बसेल. आणि या कारखान्यांत दरवर्षी एक संवाद घडतो. पुरेसा उत्साही माणूस मिळाला असता तर तो कोणत्याही सिनेमाच्या अभ्यासक्रमात पहिल्या दिवशी शिकवता आला असता.

“यंदा कशी हवी मूर्ती?”

“गेल्या वर्षीसारखीच.”

“बरं.”

“पण जरा वेगळी.”

“वेगळी म्हणजे?”

“म्हणजे गेल्या वर्षीचीच, पण नवीन काहीतरी. आणि उंची थोडी वाढवा. भाव मात्र गेल्या वर्षीचा.”

कारखानदार यावर मान हलवतो. कोणत्या दिशेने ते नीट कळत नाही, आणि तेच त्याच्या धंद्याचं कौशल्य आहे. साचा तो जुनाच काढतो. माती भरतो, जोड पुसतो, हाताची ठेवण किंचित फिरवतो, पितांबराचा रंग बदलतो, आणि मग सगळी भिस्त आखणीवर टाकतो. पेणच्या मूर्तीचं नाव झालं ते डोळ्यांच्या या आखणीमुळे. बारीक कुंचला, रोखलेला श्वास, आणि एका रेषेत मातीचा गोळा तुमच्याकडे बघू लागतो. एकाच साच्यातून निघालेल्या पन्नास मूर्ती त्या एका रेषेमुळे पन्नास होतात. मग मूर्ती पाटावर बसून घरी येते. मखरात बसते. आजी चष्मा पुसून बघतात आणि म्हणतात, “छान आहे. पण गेल्या वर्षीची गोड होती.” हे त्या गेल्या वर्षीही म्हणाल्या होत्या, त्याच्या आदल्या वर्षीच्या मूर्तीबद्दल. आजींच्या हिशेबाने चालत मागे गेलं तर गोडी वाढत वाढत कुठल्या वर्षी जाऊन थांबेल सांगता येत नाही. बहुधा त्यांच्या माहेरी. आणि यात खोडून काढायला जागाच नाही, कारण गेल्या वर्षीची मूर्ती भोगावतीत विरघळलेली असते. विरघळलेल्या मूर्तीशी स्पर्धा करणारी मूर्ती अजून कोणी घडवलेली नाही.

सिनेमाचंही नेमकं हेच होतं. पहिला भाग बघून आलेला प्रेक्षक त्याचं विसर्जन करतो. मनात उरतात त्या चार जागा. नायकाला पहिल्यांदा शक्ती मिळते ती, तो पहिल्यांदा उडतो ती, मुलीला वाचवतो ती आणि एखादं गाणं. मधली कंटाळवाणी पंचेचाळीस मिनिटं विरघळून जातात. मग तो निर्मात्याकडे ऑर्डर देतो : पहिल्यासारखाच, पण वेगळा, आणि उंची थोडी वाढवा. निर्माता बिचारा पेणचा नसतो. त्याला मान तिरकी हलवता येत नाही. तो ती ऑर्डर मनावर घेतो, इथपासून त्याच्या दुर्दैवाला सुरुवात होते.

आपल्याकडचं मोठं उदाहरण क्रिशचं. २००३ साली ‘कोई... मिल गया’ आला. त्यात निळसर कांतीचा जादू नावाचा परग्रहवासी होता, आणि त्याची सगळी शक्ती उन्हावर चाले. (हा जादू जुलैत पेणला उतरला असता तर सिनेमा तिथेच आटोपला असता. जुलैत इथे मूर्ती वाळत नाहीत, पापड वाळत नाहीत, शाळेचे मोजे वाळत नाहीत. कारखान्यांत दिवे लावून माती सुकवावी लागते. त्याला कोणीतरी शंभरच्या बल्बखाली बसवलं असतं आणि तो गणपतीपर्यंत कसाबसा हात हलवू लागला असता.) २००६ साली ‘क्रिश’ आला : मुखवटा, काळा कोट, सिंगापूर. आणि २०१३ साली आला ‘क्रिश ३’. क्रिश दोन कुठे गेला, हा प्रश्न तेव्हा अनेक घरांत विचारला गेला. हिशेब असा, की ‘कोई... मिल गया’ पहिला, ‘क्रिश’ दुसरा, म्हणून हा तिसरा. हिशेब बरोबरच आहे. पण पहिल्यासारखा नाही असं म्हणायला सज्ज होऊन बसलेल्या प्रेक्षकाला ‘दुसरा’ नावाचा सिनेमाच न मिळणं म्हणजे भांडायला यावं आणि शेजाऱ्याच्या दाराला कुलूप असावं. मुंबई-गोवा रस्त्यालगत राहणाऱ्यांना मात्र याचं फारसं नवल वाटलं नसावं. हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग १७ होता, तो एके दिवशी ६६ झाला. मधले अठ्ठेचाळीस भाग कोणीही मागितले नाहीत. त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, पनवेल ते इंदापूर हा त्याचा ८४ किलोमीटरचा पहिला तुकडा, आणि ‘लवकरच येत आहे’ ही पाटी कोणत्याही सुपरहीरोपेक्षा या रस्त्याने जास्त काळ मिरवली आहे. इथल्या माणसाला पुढच्या भागाची घाई नसते ती उगाच नाही.

उंची वाढवण्याची ऑर्डर परदेशातही कोणी नीट पेललेली नाही. पहिल्या भागात एक खलनायक पुरला, तर पुढे दोन हवेत, त्याच्या पुढे तीन. २००७च्या तिसऱ्या ‘स्पायडरमॅन’मध्ये एक वाळूचा माणूस, एक काळ्या चिकट द्रवातून आलेला, आणि एक जुना मित्रच उलटलेला, असे तिघे आले. पंगतीला एक पाहुणा आला तर यजमान पुढे बसून आग्रह करतो. तिघे आले की सगळ्यांना उभ्या उभ्या वाढतो. तिन्ही खलनायक अर्धपोटीच गेले. १९९७ सालच्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’मध्ये तर बॅटमॅन स्वतःच्या चिन्हाचं क्रेडिट कार्ड काढतो. रात्री छतावरून उड्या मारणाऱ्या माणसाला बँकेने कार्ड कोणत्या पत्त्यावर पाठवलं, हा विचार ज्याने कधी केवायसीचा अर्ज भरला आहे त्याच्या मनातून पुढचा सगळा सिनेमाभर जात नाही. आणि उंची वाढवायला पैसे नसले की काय होतं ते १९८७च्या चौथ्या ‘सुपरमॅन’ने दाखवलं. बजेट कापलं गेलं, इंग्लंडातलं मिल्टन कीन्स हे गाव न्यूयॉर्क म्हणून दाखवावं लागलं, आणि सुपरमॅन समोरून उडत येतो ते एकच दृश्य मागची पार्श्वभूमी बदलून पुन्हा पुन्हा वापरलं गेलं. म्हणजे साचा तोच, रंग वेगळा. पेणची पद्धत, फक्त आखणी राहून गेली.

इथे कोणीतरी हात वर करतो. गावात असा एकजण असतोच, त्याच्याकडे सगळी यादी पाठ असते. “मग ‘स्पायडरमॅन २’चं काय? ‘डार्क नाइट’चं काय? ते पहिल्यापेक्षा भारी नव्हते?” होते. निर्विवाद होते. पण ते भारी का झाले हे बघायला गेलं तर आमचंच म्हणणं पक्कं होतं. सुपरहीरोचा पहिला भाग म्हणजे लग्न असतं. अंगाला हळद लागते, नवा पोशाख चढतो, सगळं गाव बघायला जमतं. वाईट दुसरा भाग म्हणजे तेच लग्न पुन्हा, या वेळी दोन बँड लावून. चांगला दुसरा भाग म्हणजे संसार. २००४चा ‘स्पायडरमॅन २’ सुरू होतो तेव्हा जगाचा हा तारणहार पिझ्झा पोचवायचं काम करतो आहे, वेळेत पोचवू शकत नाही, आणि नोकरी जाते. घरभाड्यासाठी मालक दारात उभा. मैत्रिणीच्या नाटकाला उशिरा पोचतो तर दरवान आत सोडत नाही. पडदा उघडल्यावर प्रवेश नाही, ही शिस्त दादरच्या नाट्यगृहाला शोभेलशी. आणि सर्वांत मोठं संकट म्हणजे तो आपला लाल-निळा पोशाख बाकीच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकतो आणि पांढऱ्या कपड्यांना रंग लागतो. हे दृश्य कुठल्याही घरातल्या बाईने बघितलं की ती त्या क्षणी त्या सिनेमाची होऊन जाते. “रंगीत वेगळं टाकायचं एवढं कळत नाही, चालले जग वाचवायला!” असं म्हणायची संधी पहिल्या भागाने तिला दिली नव्हती. पुढे तो धावती गाडी अंगाच्या बळावर थांबवतो, बेशुद्ध पडतो, मुखवटा नसतो, आणि डब्यातले प्रवासी त्याला डोक्यांवरून अलगद आत घेतात. गर्दीच्या लोकलमध्ये दारातल्या माणसाला कसं आत ओढतात हे ज्याने पाहिलं आहे त्याला हे दृश्य परदेशी वाटत नाही.

‘द डार्क नाइट’चंही तेच. २००५च्या पहिल्या भागात बॅटमॅन होण्याचा सोहळा पार पडला होता. २००८च्या दुसऱ्यात त्याला कळतं, की बॅटमॅन असणं हा एक अत्यंत गैरसोयीचा व्यवसाय आहे. सुरुवातीलाच कुत्री चावतात. मैत्रीण जाते. शेवटी ज्या पोलिसांना मदत केली तेच मागे कुत्री सोडतात. आणि समोर हीथ लेजरचा जोकर, ज्याला पुढे मरणोत्तर ऑस्कर मिळालं. आणखी एक गोष्ट यादीवाल्याच्या ध्यानात येत नाही : हे दोन्ही सिनेमे दोन-तीन वर्षांत आले. आठवणीला फुगायला वेळच मिळाला नाही. पोहे किती वेळ भिजवायचे याला महत्त्व असतं. फार वेळ ठेवले की लगदा होतो आणि मग तोच लगदा ‘आमच्या वेळचे पोहे’ म्हणून चघळला जातो. (दोन वर्षांत येऊनही फिका पडलेला ‘आयर्न मॅन २’ या नियमात बसत नाही, हे यादीवाला सांगेलच. त्याच्या आधी आपणच सांगितलेलं बरं. नियमाला एखादं भोक असलं की हवा खेळती राहते.)

याहून अवघड आक्षेप बाहुबलीचा. १० जुलै २०१५ रोजी पहिला भाग आला, २८ एप्रिल २०१७ रोजी दुसरा, आणि दुसऱ्याने कमाईत पहिल्याला कितीतरी मागे टाकलं. इथे मध्ये पावणेदोनच वर्षं गेली, पण अपेक्षा मात्र आभाळाएवढ्या, आणि ‘पहिल्यासारखा नाही’वाले तरीही बरेचसे गप्प बसले. का? कारण पहिल्याचं विसर्जनच झालं नव्हतं. कटप्पाने बाहुबलीला का मारलं हे सांगायच्या आत पडदा पडला होता. मूर्ती मखरातच बसून होती, आणि आरती अर्धी राहिली होती. अर्ध्या आरतीची कोणी मागल्या वर्षीच्या आरतीशी तुलना करत नाही. सगळे टाळ हातात धरून उभे असतात. त्या पावणेदोन वर्षांत हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत, बारशाला, एवढंच काय दहाव्यालाही चघळला गेला. हा मार्ग इतरांनीही वापरून पाहिला, पण कथा अर्धी ठेवणं वेगळं आणि अर्धवट कथा पुरी म्हणून दाखवणं वेगळं.

बाहुबलीची गोष्ट पेणपर्यंत आली ती वेगळ्याच वाटेने. टीव्हीवर किंवा पडद्यावर एखादा नायक गाजला की गणपतीला त्याचं रूप मागणारे भाविक कारखान्यात येतात. ‘जय मल्हार’ मालिका चालली तेव्हा खंडोबाच्या रूपातले गणपती झाले. बाहुबलीनंतर बाहुबलीच्या रूपातले झाले. पुढे पुष्पाही आला. म्हणजे सिनेमा चालला की नाही हे समीक्षक सांगण्याच्या आधी इथला रंगारी सांगू शकतो. आता बाहुबलीच्या पहिल्या भागात नायक खांद्यावर शिवलिंग उचलून धबधब्याखाली जातो. ते रूप गणपतीला शोभलंच, घरचंच काम होतं ते, वडिलांना खांद्यावर घेणं. दुसऱ्या भागात मात्र नायक हत्तीच्या सोंडेवर पाय ठेवून उभा राहतो. मूर्तिकाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. गजाननाने गजाच्या सोंडेवर पाय ठेवायचा, आणि स्वतःची सोंड कुठे? दोन सोंडा, एक धनुष्य, चार हात आणि लंबोदर, हा सगळा तोल एका छोट्या पाटावर! पहिला भाग श्रेष्ठ की दुसरा, यावर विद्वानांनी काहीही म्हणावं. मातीच्या दृष्टीने पहिला श्रेष्ठ, यात वाद नाही.

सगळ्यात आधुनिक आक्षेप राहिला. “विसर्जन वगैरे जुन्या काळी,” यादीवाला म्हणतो, “आता पहिला भाग फोनमध्ये आहे. दोन्ही लावून बघा, होऊन जाऊ दे तुलना.” बरोबर. पूर्वीचे सिनेमे शाडूचे होते, थिएटरातून उतरले की विरघळत. आताचे पीओपीचे. विसर्जन करा, दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर जसेच्या तसे हजर, फक्त रंग थोडा उडालेला. असा एक प्रयोग देशाने एकदा सामुदायिकरीत्या केलाही. १९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवर गाजलेला ‘शक्तिमान’ २०२०च्या टाळेबंदीत पुन्हा दाखवला गेला. बापांनी पोरांना ओढून समोर बसवलं, खरा सुपरहीरो कसा असतो ते दाखवायला. पंधरा मिनिटांत पोरगं विचारतं, “बाबा, हा पंख्यासारखा का फिरतो?” थोड्या वेळाने दुसरा प्रश्न : “चष्मा लावला आणि दात पुढे आणले की याला कोणीच ओळखत नाही?” बापाने यावर तेच केलं जे आठवणीवर टाच आली की कोणताही बाप करतो. तो म्हणाला, “तुला नाही कळायचं,” आणि पुढच्या आठवड्यापासून एकट्याने बघू लागला. आणि एरवी पहिला भाग फोनमध्ये असतो हे खरं, पण तो पुरा बघतो कोण? आपण बघतो त्यातला पाच मिनिटांचा तुकडा, सगळ्यात उत्तम तो. मग त्या पाच मिनिटांची तुलना नव्या सिनेमाच्या अडीच तासांशी करतो. हा सामना म्हणजे गावातल्या सगळ्यात देखण्या पोराचा लग्नातला फोटो आणि समोर दुसऱ्याचं आधार कार्ड.

एक दुसरा भाग मात्र रामवाडीच्या दृष्टीने निराळा मोजायला हवा, सुपरहीरोचा नसला तरी. ‘नवरा माझा नवसाचा’ २००४ साली आला. त्यात नवरा-बायको नवस फेडायला मुंबईहून गणपतीपुळ्याला एसटीने निघतात, आणि अशोक सराफ कंडक्टर. लाल गाडीतून, त्या रस्त्याने, गणपतीपुळ्यापर्यंत धडधाकट पोचणाऱ्या कुटुंबाला सुपरहीरो म्हणायचं नसेल तर त्या शब्दाचा उपयोग काय? वीस वर्षांनी, २०२४च्या सप्टेंबरात, त्याचा दुसरा भाग आला. या वेळी मंडळी कोकण रेल्वेने निघतात आणि अशोक सराफ टीसी होतात. महामार्गाच्या बाजूला राहणाऱ्या प्रेक्षकाची यावर तक्रार असलीच तर ती एवढीच, की नायकाच्या अंगातली खरी शक्ती, म्हणजे खड्डे सोसण्याची, पटकथेने परस्पर काढून घेतली. अर्थात हेही ‘पहिल्यासारखा नाही’च झालं. सुटका नाही.

मग काय, वाईट दुसरे भाग नसतातच? असतात की. ढिगाने असतात. पण ते वाईट असतात ते स्वतःच्या हिमतीवर, पहिल्याच्या तुलनेमुळे नव्हे. आणि तो वाईटपणाही टिकत नाही, हीच खरी पंचाईत. आता क्रिशचा चौथा भाग यायचा आहे. २०२५च्या मार्चमध्ये त्याची घोषणा झाली, आणि हृतिक रोशन या वेळी दिग्दर्शनही करणार आहे. तो पनवेलला लागेल. रामवाडीची चार पोरं जातील. तोवर ती चाळिशीकडे झुकलेली, एकाच्या खांद्यावर झोपलेलं मूल. रात्री गाडीतून उतरतील. टपरीवाला विचारेल, “कसा होता?”

“ठीक. पण तिसऱ्यातला तो विवेक ओबेरॉय आठवतो? काळ का काय तो! खुर्चीत बसून नुसतं बोट हलवायचा. काय काम केलं होतं!”

“हो रे,” टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणेल, “तसला व्हिलन आता होणे नाय.” तिसरा भाग त्याने पाहिलेला नाही.